दक्षिणेकडचं शेवाळ

“समुद्र सगळ्यांच्या दारात सारखा तापत नाही, मग तारीख सगळ्यांना एकच कशाला?” बाँगची एकदा धक्क्यावर म्हणाली होती. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि तिची पाठ वळताच हसून घेतलं.

पेंघू द्वीपसमूहातलं आमचं बेट एवढंसं. उत्तरेला कुणी खोकलं तर दक्षिणेची कुत्री भुंकतात. पण मधल्या टेकडीने हिवाळ्याचे दोन तुकडे केले आहेत. उत्तरेच्या खडकांना वारा झोडपतो, पाणी गार राहतं, खायचं काळं शेवाळ जाड आणि चिवट येतं. टेकडीच्या आडोशाला, दक्षिणेकडे, पाणी अलीकडे कोमट पडून असतं, आजाऱ्याच्या तोंडातल्या लाळेसारखं. तिथलं शेवाळ लवकर पिकतं आणि लगेच सडतं. तो वास जेवणाच्या भांड्यांनाही येतो.

शेवाळ खुडायला खडक कधी उघडायचे ते देवळात ठरतं. दोन्ही बाजूंना एकच दिवस. त्याआधी कुणी खडकावर पाय ठेवला, तर दंड म्हणून देवापुढे नाटक करवायचं, नाटकमंडळी स्वतःच्या खर्चाने बोटीने आणून. बाँगचीला ते कुठून परवडणार? विधवा बाई, खडक दक्षिणेला. हिवाळ्यात शेवाळ वाळवायचं, विकायचं, त्यावर वर्ष काढायचं. ते हातचं गेलं तर काऊशुंग शहरात मुलाच्या फ्लॅटमध्ये, सुनेच्या कपाळावरच्या आठ्या बघत उरलेलं आयुष्य.

त्या सकाळी ती देवळात आली तेव्हा बादलीत खडकाच्या कडेने वाहून आलेलं शेवाळ होतं. अर्धं काळं, अर्धं पिवळट बुळबुळीत. देवळाचा कारभारी थियामहॉक म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचे खडक उत्तरेला. नववर्षाला येणाऱ्या पाहुण्यांना शेवाळ खुडणं बघायचं होतं, म्हणून तो देवाला नववर्षानंतरची तारीख विचारत होता. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे त्याने जमिनीवर टाकले. एक पालथा, एक उताणा पडला की देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले. नकार.

“देवाला नीट ऐकू गेलं नसेल,” तो म्हणाला आणि पुन्हा टाकले. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा होकार आला, तशी चहाचे पेले घेऊन बसलेली माणसं खूश झाली.

बाँगची पुढे झाली. “भावजी, आता आमचं विचारा. दक्षिण बाजू आजच उघडू दे. तोवर काही उरायचं नाही.”

“वहिनी, टीव्हीवर सांगितलं, पेंघूचं पाणी थोडंसंच तापलंय.”

“टीव्ही तुमच्या घरात आहे. पाणी माझ्या दारात आहे.”

“काकू, समुद्राला पंखा लावा!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. एकाने सुपारीची लाल पिंक दाराबाहेर टाकली, ती उंबऱ्यावरच पडली.

थियामहॉकने नाइलाजाने तुकडे टाकले. दोन्ही उताणे. देव हसला. देव हसला की पुन्हा विचारायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. थियामहॉकने तुकडे उचलून खिशात घातले.

“देव हसला. म्हणजे नाही.”

“भावजी, आत्ताच तुम्ही तीनदा टाकलेत.”

“तो सगळ्या बेटाचा प्रश्न होता. एका बाजूसाठी देवाला किती त्रास द्यायचा?” मग आवाज मऊ करत, “आमच्यातलं घालू की तुमच्या टोपलीत दोन मुठी. उपाशी थोड्याच ठेवतोय तुम्हाला?”

बसलेल्यांनी माना हलवल्या. किती मोठं मन! कुणी तिच्याकडे बघितलं नाही, बादलीकडे तर नाहीच. एकाने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे तोंडात टाकले.

बाँगचीने आधी दिराकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांकडे, बाजारात शिळ्या मासळीवरून नजर फिरवावी तसं. देवाला तिने नमस्कार केला नाही. बादली तिथेच पेल्यांशेजारी ठेवून, उंबऱ्यावरची पिंक ओलांडून, ती बाहेर पडली.