ताट रिकामं झालं की

मी याद्या करणारी बाई आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की दिवसाची यादी लिहायची आणि झालेलं काम खोडत जायचं, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. पण यादी कशी वापरायची ते मी खरं शिकले ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. थोडं शाळेतल्या कॉम्प्युटरवर आणि बाकीचं सासऱ्यांकडून.

मी तेव्हा पांढुर्ण्याहून रोज बसने सौंसरला गणित शिकवायला जायचे. नवरा रेल्वेत, बदली इटारसीला, त्यामुळे घरी फक्त रविवारी. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. दिवसभर घरात सासरे एकटेच. ते प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी, अर्ध्या गावाला अक्षरं त्यांनीच गिरवायला लावलेली. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढत गेलं. चष्मा, किल्ली इथवर चाललं असतं. पण एकदा त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली आणि घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली. शेजारच्या काकूंना ते घरापुढच्या ओट्यावर भोवळ येऊन बसलेले दिसले.

चार दिवसांत नागपूरहून मोठ्या नणंदबाई आल्या.

"बाबाले आता एकटं ठेवणं बरोबर नाही. मी घेऊन जाते नागपूरले."

"मी काय ट्रंक आहो काय, उचलली अन् नेली?" सासरे म्हणाले. "तुह्या घरी तिसऱ्या माळ्यावर मी करू काय? खाली पाह्यलं त लोकायचे टक्कलंच दिसतेत."

नणंदबाई हसल्या नाहीत. "दिवाळीपर्यंत पाहते. पुन्हा असं झालं त मी कोणाचंच ऐकणार नाही."

त्या गेल्यावर सासरे मला म्हणाले, "बाई, मले इथंच राहू दे. रस्त्यानं जाणारा कोणी न कोणी 'नमस्ते गुरुजी' म्हणते. म्हणून त मले आठवते मी कोण आहो."

मी कामाला लागले. दुपारच्या कामांची यादी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवली. संध्याकाळी येऊन पाहते तर यादीवर लाल पेन्सिलीने शेरा: 'अक्षर बरे. ओळी वाकड्या. दहापैकी सहा.' जेवणाचा डबा तसाच झाकलेला.

"मामाजी, ही यादी तपासायची नव्हती, करायची होती."

"तपासल्याबिगर कशी करू? अन् सहा देल्ले न? पास आहे तू."

मग झालेल्या कामापुढे खूण करायला सांगितलं. त्यानेही जमेना. खूण दिसे, पण ती काम करून केली की करण्याआधी, याचा उलगडा त्यांना होत नसे. मग ते सगळंच पुन्हा करत, नाहीतर काहीच करत नसत. गोळ्या मी कपाटात कुलपात ठेवल्या. पण मग दुपारची गोळी द्यायची कुणी?

शाळेत त्याच वर्षी सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले होते. प्रशिक्षण घेतलेली मी एकटी, म्हणून त्यांची खोलीही माझ्याकडे. आधी मी मुलींना बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायला शिकवलं. त्यात एक डबी करायची, तिला नाव द्यायचं, तिच्यात आकडा ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला तो वाढवायचा. कितवं काम चाललंय ते मशीनने त्या डबीत लक्षात ठेवायचं. डबीतला आकडा चुकला की सगळं बिघडायचं.

मग आम्ही लोगो घेतली. सगळे तिला चित्रं काढायची भाषा समजत, पण मला आवडल्या त्या तिच्यातल्या याद्या. रोजचीच कामं आम्ही तिच्यावर करून पाहायचो: हजेरीतून बसने येणाऱ्या मुली वेगळ्या काढणं, प्रार्थनेच्या पाळ्या लावणं. रीत एकच. यादीतलं पहिलं घे, त्याचं काम कर, आणि उरलेली यादी पुन्हा ह्याच रीतीला दे. आकडा नाही, डबी नाही. काय राहिलं ते हातातल्या यादीतच दिसतं.

फळ्यावर हे लिहितानाच माझा खडू थांबला. कुणालाच काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं!

घरी येऊन मी मोठं पितळी ताट काढलं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यात एका ओळीत वस्तू मांडल्या. आधी जेवणाचा डबा, मग वाटीत एकच गोळी, मग तुळशीच्या पाण्याचा तांब्या, मग दारावर येणाऱ्या गाईची पोळी, शेवटी एक संत्रं.

"मामाजी, डावीकडचं पहिलं उचलायचं. त्याचं काम करायचं. भांडं मोरीत ठेवायचं, ताटात परत नाही. मग पुन्हा डावीकडचं पहिलं."

"अन् मी विसरलो त?"

"विसरा की. ताटात आहे म्हणजे राहिलं आहे. ताटात नाही म्हणजे झालं."

त्यांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. "हे ठीक आहे," ते म्हणाले. मार्क मात्र दिले नाहीत.

आठवडाभर छान चाललं. मग एका शनिवारी जामसांवलीच्या दर्शनाहून परतणाऱ्या गर्दीने माझी बस उशिरा निघाली. पांढुर्ण्याला उतरले तर सासरे स्टँडवरच उभे, अनवाणी. ताट रिकामं झालं होतं आणि पुढे काय ते त्यांना कळेना, म्हणून ते मला विचारायला निघाले होते.

अशी चूक मी त्याच आठवड्यात वर्गात पाहिली होती. रामाकोन्याहून येणाऱ्या एका मुलीने रीत बरोबर लिहिली, पण यादी संपल्यावर काय करायचं ते लिहिलंच नाही. मशीन रिकाम्या यादीतलं पहिलं शोधायला गेलं आणि तक्रार करून अडलं. मी तिला शिकवलं होतं, "आधी थांबायची ओळ लिही, मग बाकीचं." घरी मात्र मी ती ओळ लिहिली नव्हती.

रविवारी नवऱ्याकडून ऑइलपेंट आणवला आणि ताटाच्या तळावर लिहिलं: 'सगळं झालं. ओट्यावर बसा. बस उशिरा आली तरी मी येते.' वस्तू असेपर्यंत अक्षरं झाकलेली असत. शेवटचं संत्रं उचललं की पूर्ण वाचता येत.

दिवाळीच्या आधी नणंदबाई न कळवता आल्या, नेमक्या शनिवारी दुपारी. उशिराच्या बसने मी पोचले तेव्हा बापलेक ओट्यावर बसले होते. मध्ये संत्र्याची सालं.

नणंदबाई उठून मला आत घेऊन गेल्या. "मी आली त ताटात पोळी अन् संत्रं होतं. म्हटलं आवरून ठेवाव, म्हणून उचलून राहिली होती, त बाबा वरडले माह्यावर. 'हात नको लावू! त्यातलं एक गेलं त मले कसं समजन?' मंग गाईले पोळी देल्ली, संत्रं घेतलं, अन् ताट वाचून ओट्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, बाबा, वहिनीची बस चुकली वाटते. त म्हणते, 'येते. लिहून देल्लं तिनं.'"

त्यांनी ताट उचललं आणि तळावरून अंगठा फिरवला.

"हा रंग पक्का आहे काय?"

"ऑइलपेंट आहे, ताई. निघत नाही."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि चहाचं विचारलं. नागपूरला एकट्याच परत गेल्या.

सासरे पांढुर्ण्यातच राहिले. पुढे जसजसं त्यांना जमेना, तसतशी मी ताटातली एकेक वस्तू कमी केली. रीत बदलावी लागली नाही, यादी लहान झाली तरी ती तशीच चालते. शेवटच्या हिवाळ्यात मी रजा घेऊन घरीच होते. जेवण, गोळी सगळं माझ्या हातून. ताटात फक्त संत्रं. ते उचलायचे, तळावरचं मोठ्याने वाचायचे आणि ओट्यावर जाऊन रस्त्याकडे पाहत बसायचे.

तेव्हा मी पर्स खांद्याला लावायचे, मागच्या दाराने निघायचे आणि गल्लीला वळसा घालून समोरून यायचे.

"आली काय बस?"

"हाव मामाजी, आली," मी म्हणायचे, आणि ते राखून ठेवलेलं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवायचे.