खाचरातलं फक्कीचं घर

"अरे भिंतीतून कुठं चाललास? दार काय तुझ्या बापानं ठेवलं नाय?" आत्या ओरडली.

आत्याचा आवाज असा, की आसनगावच्या स्टेशनातला भोंगा बिघडला तर रेल्वेनं तिला पगारी ठेवावं. ज्याच्यावर ती ओरडली तो माझा बाप, म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. दोघांचा बाप एकच, हे भांडताना तिच्या लक्षात राहत नाही. बाबा थांबले नाहीत. पायात चपला, हातात म्हशीचं दावं, असे ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत शिरले आणि न्हाणीघराच्या भिंतीतून बाहेर पडले. भिंतीला काही झालं नाही. ती पांढऱ्या फक्कीची रेघ होती, तीही गावातल्या पोरांनी कबड्डीचं मैदान आखून उरलेल्या पोत्यातली.

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. तोवर कॉलेजात मी वाचनालय काढलं होतं, म्युझियम काढलं होतं, समुद्रकाठचं एक हॉटेल तर असं काढलं होतं की समुद्रानं बघून दोन पावलं मागं सरावं. यातलं एकही कधी उभं राहणार नव्हतं. आणि इकडे, डोळखांबच्या अलीकडच्या आमच्या गावात, जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं होतं. खरं घर. त्यात खरी माणसं झोपणार, शिंकणार, रुसून कोपऱ्यात बसणार. ते मी काढलेलं असावं, यापलीकडे त्या दिवसांत मला दुसरी भूक नव्हती.

पण बाबांनी मुरबाडच्या एका कॉन्ट्रॅक्टरला जवळजवळ शब्द दिला होता. त्या माणसाकडे एकच घर होतं आणि तेच तो मुरबाडपासून शहापूरपर्यंत सगळ्यांना बांधून देई. पुढं दोन खांब, मधे हॉल, स्टीलचा कठडा, पिस्ता रंग. माझा मामा एकदा हळदीहून परतताना चुकून अशाच एका घरात शिरला. जेवला, झोपला, सकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुरला, तेव्हा कुठं त्या घरच्या बाईनं विचारलं, "भाऊ, तुमी कोणाचे?" मामा हे साफ नाकारतो. पण त्या घरच्या चपला आजही त्याच्या पायात आहेत.

माझा नकाशा बाबांनी बघितला नव्हता असं नाही. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "बाय, हे वरनं दिसणारं घर हाय. वरनं कावळे बघतात. मला आत जायचंय. आज सांजंला तो येईल. त्याला हो म्हणायच्या आत काय दाखवायचं ते दाखव."

म्हणून सकाळपासून मी आणि आई घरामागच्या खाचरात होतो. भात कापून झालं होतं, जमीन मोकळी होती. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि मी काढलेलं घर फक्कीनं खऱ्या मापात जमिनीवर उतरवलं. मग कॉलेजातले सर पहिल्या वर्षापासून जे सांगत होते ते डोळ्यांनी बघितलं. जमिनीवर आखलेलं घर एवढंसं दिसतं. वर आभाळ असतं, त्याच्याशी कोण बरोबरी करणार? कागदावरचा माझा राजवाडा खाचरात कोंबड्यांच्या खुराड्याएवढा झाला.

"यात मी आडवा झालो," बाबा बांधावरून म्हणाले, "तर डोकं हितं नि पाय मुरबाडला."

"बरंच की," आत्या म्हणाली. "पायानंच हो सांग त्या मुरबाडवाल्याला."

आणि ती आत गेली. जाताना, दारासाठी मी जिथं रेघ तोडली होती तिथं, तिनं चपला काढल्या. विचार करून नाही, हात न लावता, नेहमीसारख्या पायानंच. भाताचे कापलेले बुडखे तळव्यात खिळ्यांसारखे घुसतात, तरी ती "आई गं" करत, बगळ्यासारखी पाय उचलत माझ्या ओटीवर गेली. तिच्यामागून शेजारची काकू आली, तिनंही काढल्या. मग काकूच्या जावा आल्या. दुपारपर्यंत दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडला, की लांबून बघणाऱ्याला वाटावं आत साखरपुडा चाललाय.

फक्त बाबा नाही. ते तासातासाला काही ना काही निमित्त काढून येत आणि चपलांसकट भिंती ओलांडून जात. प्रत्येक वेळी मी फक्की घेऊन जाई आणि तुडवलेली रेघ नव्यानं ओढे. तेवढे थर विटांचे असते तर दुमजली घर उभं राहिलं असतं.

पुढं दुपार कशी सरली ते मला नीट सांगता येणार नाही. पेंढ्याचा वास होता, थंडीतलं उबदार ऊन होतं. आत्या झोपायच्या खोलीत पेंढा पसरून आडवी झाली आणि घोरायला लागली. एक कोंबडी न्हाणीघरातून निघून, जरा विचार करून, हॉलमधून गेली. आईनं चहा आणला तो थेट स्वयंपाकघरात, आणि बाहेर उभ्या असलेल्या काकूला दिला तो मी खिडकी दाखवली होती त्या जागेतून. दोन हातांवर उघडं रान पडलेलं, पण आई वाकून खिडकीतूनच देत होती.

"हितनं माहुलीचा डोंगर दिसतो गो," काकू म्हणाली.

"दिसणारच," आई म्हणाली. "खिडकी हाय."

मी ओटीवर बसून बघत राहिले. बघता बघता रेघा गुडघ्याएवढ्या झाल्या, मग कमरेएवढ्या. बाहेरचा वारा कमी झाल्यासारखा वाटला. आत्याचं घोरणं घुमायला लागलं, चार भिंतींत घुमतं तसं. कुठंतरी माथ्यावर कौलांची सावली हलली आणि माझ्या अंगावर ऊन चौकोनी पडलं, शपथ घेऊन सांगते, चौकोनी. सरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी घर मधोमध कापून दाखवणारा छेद काढून आण म्हटलं असतं.

ऊन माहुलीच्या सुळक्यांकडं उतरलं तेव्हा बाबा म्हशीला पाणी पाजून आले. वारा फक्की पुसत होता, भिंती जागोजाग विरळ झाल्या होत्या. ते थेट भिंतीकडं आले आणि थांबले. आत बघितलं. आई खिडकीशी, आत्या झोपेत. मग घराला वळसा घालून दाराशी गेले. मी दुसरीकडं बघत असल्याचं नाटक केलं, पण माझे कान ससाण्याच्या डोळ्यांएवढे तेज झाले होते. दोन चपला मातीवर टेकल्याचा आवाज मी ऐकला. बुडखे टोचत असतील, तरी बाबा सरळ चालत आले. ओटीवर येऊन, पाठ टेकायची भिंत जिथं असणार होती तिथं जरासे मागं रेलून बसले.

तेवढ्यात मोटारसायकल बांधाशी थांबली. कॉन्ट्रॅक्टर उतरला, चालत चालत फक्कीची रेघ तुडवून ओटीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"मग काय," तो म्हणाला, "उद्यापासनं खोदायला घेऊ ना आपलं?"

बाबांनी त्याच्या पायांकडं बघितलं.

"चपला भायेर काढा," ते म्हणाले.