माफीनाम्यांची फाईल

युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत; ते स्वतःच अर्ज लिहून काउंटरवर येतात! आमच्याकडे पद्धतच तशी होती. कुणी पासवर्ड वाटला, कुणाच्या अकाउंटवरून व्हायरस पसरला, की अकाउंट बंद. उघडायचं तर काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून स्वतःच्या हातानं माफीनामा लिहायचा. त्यावर आमचे साहेब, भटनागर सर, सही करणार. मग तो फाईलला. बंद करायचं बटण दाबणारी मी. फोन वाजला तरी दचकणारी. नोकरी सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर, त्यामुळे सहीशिवाय एक जरी अकाउंट उघडलं तर पुढची ऑर्डर येणार नाही, हे डोक्यात पक्कं.

०

पहिल्याच आठवड्यात एका हेड ऑफ डिपार्टमेंटचं अकाउंट बंद केलं. त्यांच्या नावानं एकाच वेळी नऊ जण लॉगिन! माफीनाम्यात त्यांनी लिहिलं, “सबकी सुविधा के लिए पासवर्ड नोटिस बोर्ड पर लगाया था।”

०

मग ती चेन मेल आली. ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल.’ होस्टेलच्या एकानं अख्ख्या युनिव्हर्सिटीला पाठवली आणि सर्व्हर बसला. काउंटरवर येऊन तो म्हणाला, “मैडम, मैंने तो भेजी थी, फिर भी अनर्थ हो गया!”

सगळे हसले. मी नाही. खरं सांगू? मी अकरा जणांना पाठवून मगच त्याचं अकाउंट बंद केलं होतं.

०

घरी लक्ष्मीबाई नगरमध्ये बाबा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत, “आमची शुभा सगळ्या युनिव्हर्सिटीला कुलपं लावते!”

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “आणि उघडतं कोण?”

०

एकदा बंद करायच्या यादीत खुद्द भटनागर सरांचं नाव! नको ती अटॅचमेंट उघडली होती. मी रडवेली होऊन सांगायला गेले. “बंद कर दिया? शाबाश!” म्हणाले, आणि लगेच माफीनामा लिहून स्वतःच खाली मंजुरीची सही केली. दोन मिनिटांत अकाउंट चालू.

०

सुमन केमिस्ट्रीची. वडील मानेसरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. तिला बाहेरच्या देशात शिकायला स्कॉलरशिप हवी होती; अर्ज केला होता. निवड झाली तर मेल येणार, आणि दोन दिवसांत होकार कळवायचा. मेल बघायला ती घराजवळच्या सायबर कॅफेत जायची. तिथूनच व्हायरस लागला. शुक्रवारी सकाळी मी तिचं अकाउंट बंद केलं.

दुपारी ती धापा टाकत आली. चप्पल बाहेर काढून, खुर्चीत बसून सुंदर अक्षरात माफीनामा लिहिला. पण सर रजेवर, बुधवारी येणार.

“मैडम, मुझे मत पढ़ने दीजिए। आप ही देख लीजिए, आई कि नहीं।”

उघडायचं बटण माझ्याच स्क्रीनवर होतं, बंदच्या शेजारी.

“बुधवार को आना,” मी म्हटलं.

बुधवारी सरांची सही झाली. मेलबॉक्समध्ये काहीच नव्हतं. ती “अच्छा” म्हणाली आणि गेली.

महिन्याभरानं तिच्या डिपार्टमेंटला पोस्टानं पत्र आलं. तेच घेऊन ती काउंटरवर आली. तिची निवड झाली होती. मेल शनिवारी पाठवली होती, अकाउंट बंद म्हणून ती परत गेली. होकार आला नाही म्हणून जागा दुसऱ्या कुणाला दिली. माझं वाचून झाल्यावर तिनं ते परत घेतलं. मग म्हणाली, “आपकी क्या गलती, मैडम। रूल है।”

ती गेल्यावर मी काउंटरच्या पलीकडे जाऊन त्या खुर्चीत बसले आणि एक माफीनामा लिहिला. स्वतःच्या हातानं, पूर्ण नाव घालून, जे झालं ते सगळं. दिवसाच्या बाकीच्या कागदांत मिसळून सरांपुढे ठेवला.

“कितने हैं आज?”

“सात, सर।”

त्यांनी सातही कागदांवर न वाचता सह्या केल्या, आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

“चलो, सब खोल दो।”