अण्णांचा तिरपा टीव्ही

अण्णांचा टीव्ही वाकडा ठेवलाय असं समजून मी तो सरळ केला. नाशिकला बदलून आल्यावर केलेली ही माझी पहिली चूक. दुसरी याहून मोठी होती, ती पुढे येईलच.

बँकेने मला नाशिकला धाडलं आणि मखमलाबादकडे अण्णांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. अण्णा म्हणजे पांढरा सदरा, पांढरा पायजमा, घरातसुद्धा डोक्यावर टोपी आणि बोटांना कायम मेथीचा वास. घरामागे मळा. त्यात मेथी, कोथिंबीर, कडेने शेवंती. खाली ते आणि त्यांची सून सुनंदा, अशी दोघंच राहत. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा, म्हणजे सुनंदाचा नवरा, नंतर अपघातात गेला होता. माझ्याकडे टीव्ही नाही हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "या ना साहेब खाली, मालिका बघायला." फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची मला सवय नाही. त्याच संध्याकाळी मी हजर.

अण्णा पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. सुनंदा स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत, भिंतीआड बसलेली. आणि टीव्ही असा तिरपा, की अण्णांना मान वळवून बघावं लागत होतं. मी मोठ्या तत्परतेने उठलो आणि तो सरळ केला. अण्णा हातातली जुडी खाली ठेवून उठले, टीव्ही होता तसा तिरपा केला, आणि परत बसत म्हणाले, "हे असंच बरं हे." म्हाताऱ्याच्या मानेत काहीतरी दोष असावा, अशी मी मनाची समजूत घातली.

मानेचं एक वेळ सोडा, पण अण्णांचे मालिकेवरचे शेरे! पडद्यावर दोन भाऊ आजोबांच्या मृत्युपत्रावरून एकमेकांची गचांडी धरतायत, आणि अण्णा जुडीला गाठ मारता मारता टीव्हीला विचारतायत, "म्हाताऱ्याच्या गोळ्या संपत आल्या, ते हिच्या ध्यानात हे का नाय?"

आतून सुनंदाचा आवाज, "कालच आणल्या तिनं. कपाटावर ठेवल्यात. त्यानं हात वर केला तर सापडतील."

"अण्णा," मी समजावून सांगितलं, "इथे म्हाताऱ्याचा काही संबंध नाही. हे भाऊ-भाऊ आहेत, इस्टेटीवरून भांडतायत."

"असं का," अण्णा अगदी आदराने म्हणाले.

दुसऱ्या एका भागात कोर्टाचा प्रसंग होता. न्यायाधीश निकाल देणार, माझा श्वास अडकलेला. अण्णा म्हणाले, "आमटी लय अळणी करू राहिली ही बाई." आतून लगेच उत्तर आलं, "डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय. जिभेला आवरा म्हणावं." मी न्यायाधीशाच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो बिचारा कशाबद्दल बोलतोय आणि ही दोघं कशाबद्दल!

मला भारी कुतूहल वाटायला लागलं. हे सासरा-सून दोन वेगवेगळ्या मालिका एकत्र करून बघतात की काय? बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांच्या नकला करून दाखवायचो. शेवटी मला दया आली आणि रोज मालिका सुरू व्हायच्या आधी मी अण्णांना कालचा भाग समजावून सांगायला लागलो. अण्णा मन लावून ऐकायचे. "बरं झालं सांगितलं साहेब," म्हणायचे. आत बांगड्या वाजायच्या, कुणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज यायचा. मला वाटायचं, माझी सांगण्याची पद्धत आवडतेय.

पुढे मालिकेतल्या मोठ्या सुनेचा नवरा गेला. मग एक डॉक्टर तिच्यात जीव गुंतवून बसला. अण्णा आता जुड्या बांधायचे थांबून बघायला लागले. रोज काहीतरी बोलायचे. "पोरीनं किती दिवस असं काढायचं?" किंवा, "सासऱ्याची आडकाठी नाय म्हणावं." आतून उत्तर येत नसे, फार तर, "बघू म्हणती ती."

आणि तो दिवस आला. डॉक्टरने त्या सुनेला सरळ लग्नाचं विचारलं, तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि जाहिराती लागल्या. अण्णांनी आवाज बंद केला. टीव्हीवर साबणाचा फेस चाललेला, आणि अण्णा त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले, "माणूस चांगला हे. रोपं वाढवणारा हात हे त्याचा. हिनं हो म्हणावं."

"डॉक्टर आहे तो, अण्णा," मी म्हटलं.

आत पोळपाटाचा आवाज थांबला होता. त्या शांततेत दोघंही कशाची तरी वाट बघत होती. मला वाटलं, माझ्या मताची. म्हणून मी खणखणीत आवाजात दिलं. "छे हो! म्हाताऱ्या सासऱ्याला एकटं टाकून ही बोहल्यावर चढणार? शोभतं का? लोक तोंडात शेण घालतील."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "वरचे भाऊ बरोबर बोलले." आणि स्वयंपाकघरातला दिवा विझला. अण्णांनी टीव्ही बंद केला. मालिका अर्धी राहिली म्हणून मी हळहळत वर गेलो.

सकाळी गाडीला किक मारतोय, तोच अण्णा समोर येऊन उभे. "साहेब, मी काय त्या टीव्हीतल्या बाईचं लग्न जमवू राहिलो का?"

माझा पाय किकवरच राहिला.

"सायखेड्याचा माणूस हे. रोपवाटिका हे त्याची. बायको वारली. मी सगळीकडून पारखून घेतलाय. आता त्याला निरोप द्यायचा, पण हिच्या मनात काय हे ते विचारणार कोण? आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाय. म्हातारी होती तवर ती इकडचं तिकडं सांगायची. मग पोरगा होता. आता हा टीव्हीचा डबा हे, तिला आतून दिसावा म्हणून तिरपा ठेवलेला." अण्णांचा आवाज जरा ओला झाला. "काल हो म्हणायच्या बेतात होती पोर. अन् तुम्ही मधी पडले."

"मला आधी सांगायचं तरी, अण्णा."

"सांगायचं काय त्यात? बँकेत हे माणूस, त्याला कळलं असंल म्हटलं."

दिवसभर माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. केलेलं निस्तरायचं ठरवून मी संध्याकाळी खाली गेलो, आणि मालिका सुरू होताच स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर केलं, "काल मी चुकलो! तिने त्या डॉक्टरला हो म्हणावं! त्यात शोभण्या-न शोभण्याचा प्रश्नच नाही!"

पडद्यावर त्या वेळी एक हवालदार चोरीला गेलेल्या हाराची चौकशी करत होता. डॉक्टरचा पत्ता नव्हता, सुनेचा नव्हता. अण्णांनी कपाळाला हात लावला. तरी मी सुरूच होतो. "डॉक्टर म्हणजे, रोपंसुद्धा वाढवतो तो!"

आत हसण्याचा फुटका आवाज झाला. मग सुनंदा उंबरा ओलांडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली. हवालदार तिच्याआड गेला.

"अण्णा," ती म्हणाली, "मी गेल्यावर गोळ्या कोण देईल तुम्हाला?"

अण्णांच्या हातातली मेथी सुटली. कुठे बघावं ते त्यांना कळेना. टीव्ही दिसत नव्हता, तेव्हा शेवटी त्यांनी तिच्याकडेच बघितलं.

"मी घेईन."

"घेत नाय तुम्ही. मला ठाऊक हे."

"मग सायखेड्याहून रोज फोन करत जा. तुझ्यादेखत घेईन."

"करीन," ती म्हणाली. आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. अण्णा टोपी काढून डोळे पुसत होते. मी टीव्हीकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

लग्न सायखेड्याला, गोदावरीच्या काठच्या देवळात झालं. मी जेवण वाढायला होतो. नवरदेव भेटला तेव्हा त्याने माझ्याकडे असं काही निरखून बघितलं, की माझी कीर्ती तिथवर पोचली होती हे मी ओळखलं.

मग रोज मालिकेच्या वेळेला सुनंदाचा फोन यायचा. अण्णा तिच्याशी खुशाल थेट बोलायचे, भांडायचे, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळल्याचा आवाजसुद्धा ऐकवायचे. फोन ठेवला की मालिका बघायला वळत, आणि मग मला विचारत, "साहेब, हा कोण? हे रडू का राहिले?" इतक्या दिवसांत त्यांनी ती मालिका मालिका म्हणून बघितलीच नव्हती.

पुढे माझी पुन्हा बदली झाली. निघताना मी अण्णांच्या पाया पडलो. त्यांनी मेथीची एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तिकडं खोली बघाल ती टीव्ही नसलेल्या घरात बघा."