निळ्या दिव्याचं मीटर

भालकीत माझ्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यातले दोन प्रवाळ फिके पडले. उजेड कमी पडतोय असं धरून मी कलबुर्गीला उजेड मोजायचं मीटर घ्यायला गेलो आणि दुकानातलं सगळ्यांत साधं निवडलं.

शेजारच्या गिऱ्हाइकाच्या नखांत माती होती. त्यानं विचारलं, “कामून घ्यायलाव, अण्णा?”

मी टाकीचं सांगितलं.

“दिवा निळा हाय का?”

“व्हय.”

त्यानं मीटर माझ्या हातातून घेतलं, बाहीनं पुसलं आणि परत काउंटरवर ठेवलं.

“ह्ये माणसाच्या डोळ्यावानी मोजतंय. निळा उजेड ह्येला कमीच दिसतोय. माझ्या रोपांच्या खोलीतबी निळेच दिवे; म्या ह्येचं ऐकून ते वाढवले अन् केळीची सगळी रोपं जाळली. रोपांचं मीटर मागवा, पाण्यात बुडणारं; प्रवाळालाबी त्येच चालतंय.” मग पिशवी उचलत म्हणाला, “माझी गेली. तुमचे प्रवाळ तरी वाचू द्या.”

त्याचं नाव विचारायचं राहिलं. मागवलेलं मीटर आलं तेव्हा कळलं, उजेड कमी नव्हता, फार होता. मी दिवा मंद केला.

प्रवाळ आता रंगावर आलेत. कुणी शिकवलं, असं पाहुणे विचारतात. मी म्हणतो, केळीच्या रोपांनी.