माझ्या कर्दळीवरचा कोळी

कर्दळीच्या पानावर पिवळे ठिपके दिसले की मी पान उलटते. खाली बारीक जाळी असते आणि तांबडी धूळ सांडल्यासारखी दिसते. ती धूळ चालायला लागली, की समजायचं, कोळी पडला. मग साबणाच्या पाण्याची बाटली आणायची आणि फवारायचं. वर्षानुवर्षं हेच.

शेजारची मेधा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मागे तिने त्यातलं एक पान मागून नेलं होतं. परवा पेढे घेऊन आली. "काकू, तुमच्या कर्दळीवरचा कोळी जगाला माहीतच नव्हता!"

"मला होता की," मी म्हणाले. "दर उन्हाळ्यात मारतेय त्याला."

ती हसली. मोबाइलवर तिने त्याचं स्वतः काढलेलं चित्र दाखवलं. पाठीवरचा एकेक केस रेखलेला, तोही इतक्या मायेने, की माझ्या पोटात दुखायला लागलं. नवी जात तिने शोधली म्हणून त्या कोळ्याच्या शास्त्रीय नावापुढे आता कायम तिचं आडनाव लागणार. झाड माझं, पाणी माझं, बघणं तेवढं तिचं. नीट बघेल त्याची वस्तू, हा कुठला न्याय?

आज पुन्हा पान उलटलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. सुरेख होते मेले.

मग बाटली उचलली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात दाबली.