माझी दोन नावं

मुलीनं कॉलेजात होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा विषय घेतला, तेव्हा इथं अमेरिकेत नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे विमानतळावर लोकांना बूट काढायला लावणार?"

मुलगी हसली. "काकू, पुरात गावं कशी हलवायची, बंदरातला माल कसा तपासायचा, तेपण शिकतो आम्ही."

शेवटच्या वर्षी तिला सरकारी नोकरी मिळायची होती, फक्त घरच्यांची चौकशी उरली होती. आईची आधीची नावं कोणती, असं फॉर्मात विचारलेलं. मी बेधडक सांगितलं, "काही नाहीत." अहो, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव इतकी वर्षं वापरलं, की माहेरचं नाव मोजायचं असतं हेच डोक्यात आलं नाही! पण माझ्या नागरिकत्वाच्या कागदांत शाळेचा दाखला होता, जुन्या नावाचा. चौकशीचे साहेब थेट घरीच आले. मुलगी पांढरीफटक. "आई, दे थिंक वी हिड इट!"

म्हटलं, घाबरतेस काय? लग्नाचा अल्बम काढला आणि साहेबांना ताटाचा फोटो दाखवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे सासरी बायकोचं पहिलं नावसुद्धा बदलत.

साहेबांनी विचारलं, "तुमची परवानगी घेतली होती?"

"छे! कोण विचारतंय? आज तुम्हीच पहिले."

ते हसले आणि दोन्ही नावं लिहून घेतली. महिन्याभरात मुलीला नेमणुकीचं पत्र आलं. त्या दिवसापासून कुठल्याही फॉर्मवर मी माहेरचं नाव आधी लिहिते.